तीन दगडांची उतरंड

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय गप्पू,

आशीर्वाद. तू आणि तुझ्या घरची मंडळी ठीक असाल असं धरून चालतो. मी गुडघे सोडून ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, झीज आहे. मी म्हटलं, अहो, कुलपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं कानस फिरवली, झीज म्हणजे काय ते मला नका सांगू.

हा पत्ता बरोबर आहे की नाही देव जाणे. तुझ्या ताईच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला सापडला. तिने तो कधी आणि कुठून मिळवला, मला ठाऊक नाही. पत्र भलत्याच माणसाच्या हाती पडलं असेल तर त्याने इथेच थांबावं आणि परत पाठवावं. माझा पत्ता मागे आहे. दोनदा लिहिला आहे.

ताईला जाऊन चौदा महिने झाले. त्या दिवशी तू आला होतास. फाटकापाशी टोपी हातात धरून उभा होतास, मी पाहिलं. सूनबाईने विचारलं, "बाबा, ते कोण? आत का येत नाहीत?" मी म्हटलं, "असेल कोणी ओळखीचं." गप्पू, बायकोच्या सख्ख्या भावाला मी 'कोणी ओळखीचं' म्हटलं. पुन्हा मान वर केली तोवर तू गेला होतास.

बाकी घरी सगळं रोजचंच. मुलाने दाराला नवं कुलूप बसवलंय, आकड्यांचं. किल्लीच नाही. असल्या कुलपाचा मला भरवसा नाही. बाहेर पडलो की तीनदा ओढून पाहतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. सून म्हणते, "बाबा, ते कुलूप घाबरतं हो तुम्हाला."

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात वनखात्यातून एक मुलगी आली होती. बुटांना चिखल, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. बसायच्या आधीच म्हणाली, "शेपूट तुम्हीच का?"

एकेचाळीस वर्षांनी कोणीतरी मला त्या नावाने हाक मारली. हातातला कप निसटला.

आपल्या कारखान्यातल्या मिस्त्रीच्या मुलीने बापाच्या माघारी माळा साफ केला, त्यात मिस्त्रीची रविवारची वही निघाली. हजेरीची जुनी वही उलटी करून त्यात तो लिहायचा, आठवतं? ती वही आता या मुलीकडे आहे. त्यात आपल्या चौघांची नावं आहेत. मिस्त्री, गप्पू, ताई, शेपूट.

आपण रविवारी जायचो त्या घळीचं सांगतो. सात वर्षांपूर्वी तिथे दरड कोसळली आणि रुळलेली वाट अख्खी खाली गेली. तेव्हापासून तिकडे चिटपाखरू जात नाही, असं मी लिहिणार होतो. पण पाखरूच गेलंय. पाकोळ्या परत आल्यात, गप्पू. मुलीने समोरच्या कड्यावरून दुर्बिणीने मोजल्या. एकोणीस घरटी. आपण पाहिल्या त्या हजारोंच्या मानाने काहीच नाही, पण आहेत.

आणि आता कोणाच्या तरी डोक्यातून निघालंय की तिथे लोखंडी जिना करावा. वर बघायला सज्जा. मुलगी म्हणते, जिना झाला की संपलं. तो थांबवायचा तर पूर्वी तिथे काय होतं आणि किती लवकर गेलं, ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने लिहून द्यायला हवं. मग तिने साध्या आवाजात विचारलं, "इतकी दडलेली जागा लोकांना सापडली कशी?"

मी तिला आणखी चहा घ्यायचा आग्रह केला.

मिस्त्रीच्या वहीत याचं उत्तर आहे. एकच ओळ. 'गप्पूने वाट फोडली.' खाली दोन रेघा. मुलीने ती वाचली आहे. ती महिनाअखेर पुन्हा येणार, माझं म्हणणं सहीनिशी घेणार आणि ते अहवालात जाणार. मी गप्प बसलो तर तीही ओळ जाईल.

म्हणून लिहितोय. पुढचं पुढच्या पत्रात. हात दुखतो.

तुझा
दाजी

ता. १७ फेब्रुवारी

प्रिय गप्पू,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. दोन्हींची काळजी वाटते. पाकीट टाकल्यावर तिकीट नीट चिकटलं होतं की नाही हे पाहायला मी परत गेलो होतो, पण पेटीत हात जात नाही.

हात दुखतो असं लिहिलं ते खोटं होतं. आज लिहितोच.

आधी पहिला दिवस आठवून बघ. आपण काही रानाचे पुजारी नव्हतो. मिस्त्री मधासाठी आला होता, तू गलोल घेऊन आला होतास आणि मी, सगळे जाताहेत तर मागे कशाला राहा म्हणून. तुझी ताई 'मला सोडून गेलात तर बघा' म्हणून आली. दोर कारखान्यातला, ओझी ओढायचा. मी गाठ चार वेळा तपासली तेव्हा तू म्हणालास, "दाजी, गाठ सोडायचा विचार आहे की बांधायचा?" आपण कपारीतून एकेक करून खाली उतरलो. तळाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

आणि मग त्या आल्या. वरच्या आभाळाच्या फटीतून, धुरासारख्या, गोल फिरत. एकेक वेटोळं खाली येत होतं आणि भिंतीत जिरत होतं. चिमणीतून निघालेला धूर परत चिमणीत शिरावा, तसं. आवाज इतका की तुझे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द येत नव्हता. तुला गप्प करणारी ती एकच जागा, असं मिस्त्री नंतर म्हणाला. तू गलोल खिशातून काढलीस, पाहिलीस आणि पाण्यात टाकलीस. कोणी तुला सांगितलं नव्हतं.

त्या मुलीने 'संवर्धन' असा शब्द वापरला. आपण 'जपणं' म्हणायचो. मला वाटतं, आपण दोरावर लटकून तिथवर गेलो म्हणून जपावंसं वाटलं. चित्रात पाहिलं असतं तर वाटलं नसतं. जिथे आपला जीव घशाशी आला, तिथेच त्यांचा जीव आहे हे डोक्यात शिरलं.

परतीला ओढ्यापाशी उतरल्यावर मिस्त्रीने नियम घातला. मागचे वाट चुकू नयेत म्हणून पुढचा माणूस दगडांच्या उतरंडी रचत जाईल. तीन दगड, खाली चपटा, मध्ये गोल, वर टोकदार, टोक वाटेकडे. आणि येताना शेवटचा माणूस त्या मोडत येईल. एकही उभी राहता कामा नये. मागाहून कोणाला कळता कामा नये की इथून माणूस गेला. पुढे मिस्त्री, शेवटी मी. मी निवडला गेलो कारण मी सगळं चार वेळा तपासतो. माझं नाव शेपूट पडलं, आणि खरं सांगू का, मला त्याचा अभिमान होता. तीन वर्षं मी एकही उतरंड सोडली नाही.

मग तो धुक्याचा रविवार.

परतताना तू आणि मिस्त्री पुढे निघून गेला होतात. धुकं इतकं दाट की पुढच्या झाडाचा फक्त बुंधा दिसत होता. वरच्या नऊ उतरंडी मी मोडल्या. दहावीपाशी थांबलो. मला भीती वाटली. काही झालं, मदतीला माणसं आणावी लागली, तर या धुक्यात परत वाट कशी सापडायची? आणि माझे हात रिकामे नव्हते, असं समज. मी दहावी तशीच ठेवली. अकरावी ठेवली. एकदा ठेवली की पुढची ठेवणं सोपं असतं. म्हटलं, पुढच्या रविवारी येऊन सगळ्या मोडीन.

खाली ओढ्यापाशी मिस्त्रीने विचारलं, "मोडल्या ना सगळ्या?"

मी म्हटलं, "हो."

पुढच्या रविवारी घरी अडचण निघाली. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी तू आणि मिस्त्री रेडिओच्या आवाजामागे पलीकडून वर गेलात, तर तिथे आधीच सातजण बसलेले होते. नंतरच्या रविवारी तीस. त्यांनी स्वतःच्या खुणा केल्या, रंगाचे बाण काढले, झाडं तोडून पलीकडून रुंद वाट काढली. त्या गर्दीत आपल्या उतरंडी कोण शोधणार?

मिस्त्रीने हिशेब मांडला. शेपटाने उतरंडी मोडल्या, म्हणजे वाट तोंडातून फुटली. आणि तोंड म्हटलं की तू. तू बोलका होतास एवढाच तुझा गुन्हा. हात धुवायच्या नळापाशी, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "गप्पू, तुझ्या तोंडाचं कुलूप आपल्या कारखान्यात बनत नाही." लोक हसले. तू म्हणालास, "मी अवाक्षर बोललो नाही, मिस्त्री." मग तू माझ्याकडे पाहिलंस. नुसतं पाहिलंस. मी खाली मान घालून एक किल्ली घासत होतो. ती मी इतकी घासली की ती कुठल्याच कुलपाला लागली नाही.

वाट मी फोडली, गप्पू. तू नाही.

चार वर्षांनी मी एकटा तिकडे गेलो होतो, हे कोणालाच ठाऊक नाही. घरटी तळाशी पडली होती, पिसं आणि राख एकात एक. भिंतीवर नावं कोरलेली. संध्याकाळ झाली, आभाळाची फट तेवढीच होती, आणि काहीच खाली आलं नाही. सगळी यंत्रं एकदम बंद झाली की कान वाजतात, तसे तेव्हापासून माझे वाजतात. कानाच्या डॉक्टरांना काही सापडत नाही.

आणि एक. हे वाचून मला वेडा म्हण. आमच्या अंगणाच्या कठड्यावर उतरंड दिसते. तीन दगड, वरचा टोकदार, टोक घराच्या दाराकडे. मी सकाळी मोडतो, दुपारच्या झोपेतून उठून बघतो तर पुन्हा उभी. मुलाला विचारलं, तो म्हणाला, बाबा, मला काय दुसरे उद्योग नाहीत? सुनेने माझ्या नखांकडे पाहिलं. नखांत माती होती. मी सकाळी कुंड्या हलवल्या होत्या. हलवल्या होत्या बहुतेक.

सही करायच्या आधी हे तुला कळावं, एवढंच.

तुझा
दाजी

ता. २ मार्च

प्रिय गप्पू,

तुझं कार्ड आलं. एकदाच दार वाजवून पोस्टमन निघून गेला, आणि मी ते हातात घेऊन तसाच उभा राहिलो. जन्मभर बडबडलेला तू, आणि लिहिलंस काय, तर एक ओळ. 'त्या दिवशी ताई कुठे चालत होती?'

चार दिवस ही ओळ माझ्या खिशात आहे. सदरा बदलला तरी मी ती नव्या खिशात घालतो.

मी पत्रात तिला कुठेच चालवलं नव्हतं, हे तू बरोबर पकडलंस. तुम्ही दोघं पुढे, मी मागे, मग ती कुठे? मला वाटलं होतं, तुझ्या ध्यानात येणार नाही. आणि वाटलं होतं, यावं.

ती माझ्याबरोबर होती. माझ्या हातात तिचा हात होता, दुसरा हात तिच्या पाठीशी. म्हणून हात रिकामे नव्हते. तिला चौथा महिना होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आधी दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, ते तुला माहीत आहे. या खेपेचं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. दृष्ट लागेल म्हणून तिनेच सांगू दिलं नव्हतं. मी तिला येऊ नको म्हणालो होतो. ती म्हणाली, "जन्माला यायच्या आधी त्याला पाकोळ्या ऐकवते." दहाव्या उतरंडीपाशी तिच्या पोटात कळ आली. ती दगडावर बसली, चेहरा धुक्यासारखा पांढरा. माझ्या डोक्यात एकच, ती इथे पडली तर मी धावत जाऊन माणसं आणीन, आणि मग मला ती सापडणार नाही. म्हणून वाट उभी ठेवली. तुझ्या ताईसाठी, आणि जो आज माझ्यावर चिडून म्हणतो की मला काय दुसरे उद्योग नाहीत, त्याच्यासाठी.

हे आधीच का नाही लिहिलं, असं विचारशील. कारण हे लिहिलं की मी सुटतो. माझी चूक चूक राहत नाही, तिच्या माथी जाते. आणि दुसरं, हे लिहिलं की तुला कळतं की तिला ठाऊक होतं.

ती उठली. हळूहळू, माझ्या हाताला धरून, एकेका उतरंडीजवळून चालत खाली आली. तिने त्या उभ्या पाहिल्या. मिस्त्रीने विचारलं आणि मी 'हो' म्हटलं तेव्हा ती बुटाची नाडी बांधायला वाकली. डॉक्टरीणबाईंनी वाकू नको म्हणून बजावलं होतं, तरी वाकली. नाडी सुटलेलीच नव्हती.

पुढचे पाच महिने ती अंथरुणावर होती. मी घर सोडून कुठेच गेलो नाही. ती अडचण ही.

नळापाशी झालं त्या संध्याकाळी तू घरी आलास. ती भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तू बोललास, गप्पू. आता माझ्याशी बोलू नकोस." मी आतल्या खोलीत होतो, सगळं ऐकत होतो. तू गेल्यावर ती बराच वेळ दाराला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, "असं का केलंस?" ती म्हणाली, "तो समोर आला की हसतो. मग मी खरं सांगून टाकलं असतं." या विषयावर ती तेवढंच बोलली. त्यानंतर चाळीस वर्षं नाही. तू शहर सोडलंस, मिस्त्रीने रविवार सोडले, आणि आम्ही दोघांनी जेवताना खिडकीकडे पाहायची सवय लावून घेतली.

शेवटच्या दोन वर्षांत तिची आठवण गेली. माणसं गेली, तारखा गेल्या. घरातल्या घरात ती हरवायची. मग तिने एक काढलं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत ती खुणा रचू लागली. बशी, साबणाची डबी, काड्यापेटी. बशी, फुलपात्र, दौत. खाली चपटं, वर लहान. पाय अडकून पडेल या धास्तीने मी मागोमाग उचलत जायचो. पुन्हा पुढे ती, मागे मी. एका दुपारी ती वळली. अगदी शुद्धीतल्या माणसाच्या नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता मोडताय होय? आता काय उपयोग!" मग लगेच हसली आणि मला विचारलं, "गप्पू आला का?"

मी म्हटलं, "येतोय."

हे मी तिला ती जाईपर्यंत रोज सांगितलं. तू फाटकापाशी आलास तेव्हा मला वाटलं, माझं हे एक तरी खोटं खरं होतंय. आणि मी तेही होऊ दिलं नाही.

आता तूच ठरव. ती तुला फितूर समजून गेली असती तर बरं होतं, की तुझं खरं जाणून, तुला दारातून परतवून, जन्मभर तुझा पत्ता वहीत जपून गेली ते बरं? मी चार दिवस दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. कुलूप उघडत नाही.

मुलगी ठरल्या दिवशी आली. मी सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. 'गप्पूने वाट फोडली' ही ओळ तिने माझ्यासमोर अहवालातून काढली. मिस्त्रीच्या वहीतली मात्र तशीच राहील. मी विचारलं, खोडता येईल का? ती म्हणाली, "आजोबा, मेलेल्या माणसाची वही आहे ती." ताईचं, धुक्याचं सगळं ऐकून ती थोडा वेळ पेन बंद-उघड करत बसली. मग म्हणाली, "तुम्ही खूप चांगलं काम केलंत असं मी म्हणणार नाही." मी म्हटलं, "म्हणू नकोस." "पण जिन्यासाठी याचा उपयोग होईल. एका माणसाच्या एका दिवसाच्या भीतीने काय होतं, ते सगळ्यांना कळेल." जिना थांबेल की नाही ते पुढच्या महिन्यात ठरणार.

मग तिने मला जीपमधून ओढ्यापर्यंत नेलं. तिथून वर मला जमणार नव्हतं, पण जायचं होतं. जुन्या वाटेचं तोंड आता झुडपांनी बुजलंय. रंगाच्या बाणांची वाट पलीकडून जायची, त्यामुळे या बाजूला कोणी फिरकलं नसावं. मी काठीने फांद्या बाजूला केल्या. गप्पू, शेवटची उतरंड तिथे उभी होती. खाली चपटा, मध्ये गोल, वर टोकदार. एकेचाळीस वर्षांचं शेवाळ चढून तिन्ही दगड एक झाले होते. टोक अजून वरच.

मुलगी म्हणाली, "राहू द्या ना, किती जुनी आहे." मी म्हटलं, "पोरी, हे माझं काम आहे, उशीर झालाय फक्त." दगड सुटेनात. नखं तुटली. शेवटी सुटले. तिघांना तीन दिशांना टाकलं, मिस्त्रीने शिकवलं होतं तसं. खाली कोरडी, फिकट माती होती, तिथे एकेचाळीस वर्षांत ऊन पडलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर तिने दुर्बीण दिली. मला आधी माझीच पापणी दिसत होती. मग दिसल्या. अडतीस-चाळीस असतील. एकच वेटोळं, बारीक, तुटक. भिंतीत जिरलं. आवाज इथवर येत नाही, पण माझ्या कानातलं वाजणं तेवढा वेळ थांबलं होतं. घरी आल्यावर पुन्हा सुरू झालं.

कठड्यावरची उतरंड तिथेच आहे. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच रचता. सून म्हणते, असू दे. मी आता कोण रचतं ते विचारत नाही आणि मोडतही नाही. टोक दाराकडे आहे. फाटकाची कडी लावलेली नाही, चार वेळा पाहून आलो.

तू शिव्या द्यायला ये, पण ये. तुझ्या ताईला मी शब्द दिला आहे. तू पुढे हो. सरळ आत जा, थांबू नकोस. मी तुझ्या मागून येतो आणि ही शेवटची मोडतो.

तुझ्या मागे चालणारा,
शेपूट